ऐनवेळचे विषय

सभेचं इतिवृत्त मी लिहिते, अक्षर बरं म्हणून.
छत्तीस वर्षं आठवीला व्याकरण शिकवलं,
आता कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या
रजिस्टरात समास आखते.

विषय एक : टँकरचं बिल, गुरुवारचं पाणी.
विषय दोन : लिफ्ट पंधरा दिवस बंद, नवा करार.
विषय तीन : कबुतरांसाठी जाळी.
मग चहा. मग पंखा एकवर आणून, दार लोटून,
ऐनवेळचे विषय.

चेअरमन म्हणाले, लिहा बाई :
'दिनांक नऊ रोजी रात्री जिन्यात
एका भाडेकरू मुलीबाबत अनुचित प्रकार घडला.'

घडला.
दूध नासलं, तसा. फांदी पडली, तसा.
मी वर्गात विचारायचे, क्रियापद सापडलं ना,
मग कर्ता कुठे गेला? बाकाखाली बघा.
मुली खरंच वाकून बघायच्या.

इथे कुणी वाकेना.
कर्ता सगळ्यांना ठाऊक होता, बी-सातचा कौशिक आगटे.
त्याची आई माझ्या शेजारच्या खुर्चीत,
मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून.
मुलगी सभेला नव्हती. भाडेकरूंना मत नसतं.

साडेअकरापर्यंत कसली अभ्यासिका?
परभणीहून येतात, इथलं वारं लागतं.
मुळात जिन्याने गेलीच कशाला?
(विषय दोन, मी त्याच पानावर लिहिला होता.)
इतका गुणी मुलगा, गणपतीत आरतीचं ताट त्याच्याच हातात.
मार्चमध्ये त्याचा व्हिसा आहे हो.
तिच्याच भल्यासाठी सांगतो, उद्या तिचंच लग्न अडेल.

आवाज कुणाचाच चढला नाही.
आमच्याकडे हे सगळं हळू आणि शुद्ध भाषेत होतं.
बलात्कार कुणी म्हणालं नाही,
'तो शब्द नको' म्हणाले.

आणि शब्दही कसले दिलेत आपल्याला.
अतिप्रसंग : म्हणजे प्रसंग होताच, जरा अति झाला.
विनयभंग : फुटली ती तिच्याच घरातली बरणी.
अब्रू गेली : कुठे गेली? कुठली बस पकडून?
जाते ती तिचीच,
त्याची सोफ्यावर बसून पोहे खाते,
वर लिंबू मागते.

हे मी मोठ्याने म्हणाले नाही.
पेन चालू ठेवलं.

कारण मला वैजू ढोबळे आठवत होती.
आठवी ब, ब्याण्णव साल, मधली सुट्टी.
स्टाफरूमच्या दाराशी उभी, 'बाई, शिकवणीचे सर...'
कर्ता होता तिच्या वाक्यात.
क्रियापद तिला उच्चारता येईना,
आणि मी थांबले नाही.
ओढणीला दोन्हीकडून पिन लाव म्हटलं,
पर्समधून दोन सेफ्टीपिना काढून दिल्या,
जणू मोठं दानच केलं.
चाचणीत तिने प्रयोगाचे सगळे प्रश्न सोडले.
मी लाल शाईने शेरा मारला : लक्ष नाही.

'झालं का बाई? वाचा, म्हणजे सह्या घेऊ.
ठराव, मुलीने महिनाअखेर खोली सोडावी. सर्वानुमते.'

चष्मा पुसला. वाचलं :
'दिनांक नऊ रोजी, लिफ्ट बंद असल्याने
जिन्याने वर जाणाऱ्या मुलीवर
कौशिक आगटे याने बलात्कार केला.'
ने. तृतीयेचा प्रत्यय. एवढंसं अक्षर,
सभेतल्या बावीस माणसांना उचलवेना.
'सर्वानुमते' मी खोडलं, वर माझी सही केली.

पर्स खाली पडली. कुणीतरी म्हणालं, बाईंचं वय झालं.
कुणीतरी, रजिस्टर सोसायटीचं आहे, इकडे द्या.

नाही दिलं.
छातीशी धरून जिन्याने उतरले, लिफ्ट बंदच होती.
दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलेला.
तो कुठल्याच विषयात नव्हता.